डोळ्यांआडचा धूर

आमच्या लहानपणीच्या स्वयंपाकघराला धुराडे नव्हते. चुलीच्या वरची दोन कौले किंचित उचलून ठेवलेली असत, आढ्याजवळ एक झरोका असे, आणि या दोन वाटांनी जेवढा धूर जाईल तेवढा जाऊन उरलेला घरातल्या माणसांप्रमाणेच घरात नांदत असे. तो आईच्या डोळ्यांत उतरे, वाशांवर काळ्या, चिकट, लकाकणाऱ्या थराच्या रूपाने बसे, आणि दिवाळी जवळ आली म्हणजे लांब काठीला केरसुणी बांधून, डोक्याला फडके गुंडाळून, ती काजळी झाडण्याचे काम घरातल्या बायकांकडे येई. त्या धुराने किती जणींची फुप्फुसे झिजवली याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही, आणि त्याची भलावण करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. परंतु त्याच्याविषयी एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे, ती ही की तो दिसत असे. जळण ओले आहे की सुके, विस्तव धगधगतो आहे की नुसता धुमसतो आहे, हे चूल पेटवणारीला क्षणोक्षणी कळत असे, कारण चुकीची शिक्षा तत्काळ तिच्याच डोळ्यांना मिळत असे.

थंड मुलुखातल्या माणसांनी घरात विटांचे धुराडे बांधले तेव्हा डोळ्यांची ही शिक्षा रद्द झाली. धूर वर गेला आणि दिसेनासा झाला. आणि त्याच्याबरोबर त्याचा धोकाही दिसेनासा झाला. तीन वर्षांपूर्वी आश्विनात मी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, बोस्टन शहराच्या पश्चिमेस, माझ्या मुलीकडे जाऊन राहिलो तेव्हा या गोष्टीचा प्रत्यय मला आला. बैठकीच्या खोलीत लाल विटांचे देखणे अग्निस्थान होते. घर घेतल्यापासून दोन हिवाळे तिने त्यात हौसेने लाकडे जाळली होती, पण वर चढून, वाकून, डोकावून ते कोणी पाहिले होते का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, नुसत्या विटा तर आहेत. त्यात काय बिघडायचंय?" घराच्या खरेदीपूर्वी ज्या गृहस्थाने पाहणी केली होती त्याने धुराडे रस्त्यावरून पाहून 'ठीक' असा शेरा मारला होता. वास्तविक त्या देशातील अग्निसुरक्षेच्या प्रमाण नियमावलीत, ती २११ क्रमांकाची म्हणून ओळखली जाते, स्पष्ट सांगितले आहे की धुराड्याची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, आणि घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना तर ती वरवरची न होता नळीच्या आत कॅमेरा घालून व्हावी.

अखेर एके सकाळी धुराडे साफ करणारा कारागीर आला. त्याने जमिनीवर कापड अंथरले, अग्निस्थानाच्या तोंडाला पडदा लावला, लवचिक दांड्यांना एकापुढे एक जोडून टोकाला तारेचा ब्रश बसवला आणि काम सुरू करण्यापूर्वी आतून खरवडून काढलेला एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो काळा होता, हलका होता, आणि एका बाजूने लाखेसारखा चकाकत होता. वाशांवरची काजळी मी ओळखतो. हा तिचाच भाऊबंद होता, परंतु अधिक दाट, अधिक कठीण, आणि, कारागिराने सांगितल्यावर अंगावर काटा आला, अतिशय ज्वालाग्राही.

त्याला क्रिओसोट म्हणतात, आणि धुराड्याच्या सुरक्षिततेचा सारा विषय या एका पदार्थाभोवती फिरतो. लाकूड तापले म्हणजे ते एकदम जळत नाही. प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते, मग त्यातून डांबरी व आम्ल अशी नाना प्रकारची द्रव्ये वायुरूपाने बाहेर पडतात, आणि या वायूंना पुरेशी उष्णता व पुरेसा प्राणवायू मिळाला तरच ते ज्वालेच्या रूपाने जळून जातात. ते न जळता वर गेले की त्यांचाच धूर होतो. म्हणजे दाट धूर हे खरे पाहता जळायचे राहून गेलेले सरपणच होय. हा धूर वर जाता जाता गार होतो, सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली आला की नळीच्या भिंतींवर ओलाव्यासह थिजू लागतो, आणि आरंभी भुसभुशीत काजळीसारखा असलेला थर पुढे खपल्यांसारखा, व अखेरीस पुन्हा पुन्हा तापल्याने काचेसारखा तुळतुळीत होतो. भुसभुशीत थर ब्रशने निघतो. खपल्याही बहुधा निघतात. पण काचेसारखा थर एकदा बसला म्हणजे साधा ब्रश त्याच्यावरून नुसता घसरतो, आणि मग रासायनिक द्रव्ये किंवा फिरती यंत्रे वापरावी लागतात, क्वचित सगळे अस्तरच बदलावे लागते. म्हणूनच थर तीन मिलिमीटरच्या आसपास पोचला, त्यांच्या मापाने इंचाचा अष्टमांश झाला, की साफसफाई करावी असा त्या व्यवसायातील दंडक आहे, आणि चकाकी दिसली तर तेवढीही वाट पाहू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मी मुलीच्या ओळखीतल्या अनेक मराठी घरांतून ऐकला. मोठा जाळ घातक आणि मंद जाळ सुरक्षित, अशी आपली स्वाभाविक कल्पना असते. अग्नीच्या बाबतीत सौम्यपणा हा गुण वाटतो. धुराड्याच्या बाबतीत गोष्ट बरोबर उलट आहे. रात्रभर पुरावा म्हणून हवा कमी करून धुमसत ठेवलेला विस्तव धुराड्याला जितके डांबर पाजतो तितके लख्ख पेटलेला, आटोपशीर, भरपूर हवा मिळणारा विस्तव पाजत नाही. आणि या अपायाचे दुसरे कारण म्हणजे ओले लाकूड. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते जाळणे म्हणजे विस्तवाने आधी पाणी उकळण्याची मजुरी करणे, आणि त्या मजुरीत त्याची सारी धग संपते. जळणात पाण्याचे प्रमाण शेकडा २० च्या आत असावे. त्यासाठी ओक, मेपल, हिकरी यांसारखी जड लाकडे फोडून, जमिनीपासून उचलून, वर छप्पर पण बाजूंनी वारा अशा रीतीने किमान एक उन्हाळा, आणि ओक असेल तर बहुधा दोन, रचून ठेवावी लागतात. सुकलेल्या ओंडक्याच्या टोकाला किरणांसारख्या भेगा पडतात, साल सुटू लागते, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर बद्द आवाज न होता खणखणीत होतो. हा आवाज ओळखायला आमच्या आजीला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. मुलीने मात्र दोन काट्यांचे एक लहानसे आर्द्रतामापक विकत आणले, आणि तेही उत्तमच काम करते.

रंगवलेले, किडीपासून बचावासाठी औषधे मुरवलेले, किंवा समुद्रातून वाहून आलेले लाकूड अग्निस्थानात घालू नये, कारण त्यांचा धूर विषारी असतो. नाताळानंतर वाळलेले झाड व भेटींचे रंगीत कागद एकदम पेटवून देण्याचा मोहही टाळावा, कारण त्यांची भडकलेली ज्वाला थेट नळीत शिरते आणि तेथे साठलेल्या थराला पेटवते.

तो थर पेटला म्हणजे काय होते, हे ज्यांनी ऐकले आहे ते सांगतात की घरावरून आगगाडी चालली आहे असा घोष होतो. नळीच्या आत तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. अस्तर म्हणून बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळ्यांना तडे जातात, सांध्यांतला चुना-सिमेंट सुटतो, आणि त्या फटींतून उष्णता धुराड्याला लागून असलेल्या लाकडी तुळयांपर्यंत पोचते. त्या मुलखातली घरे लाकडी सांगाड्याची असतात, म्हणून बांधकामाचे नियम सांगतात की घराच्या आतील धुराडे व लाकूड यांत निदान दोन इंचांचे अंतर असावे. परंतु सर्वांत भयंकर आग ती, जिचा घोष होत नाही. ती मंदपणे जळून विझते, घरच्यांना पत्ता नसतो, तडा मात्र राहून जातो, आणि पुढच्या हिवाळ्यातला साधा जाळ त्या तड्यातून घराला गाठतो. फुगून मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र झालेली काजळी, नळी उघडण्या-लावण्याची वाकलेली झडप, छपरावर पडलेले नळीचे तुकडे ही तिची खूण. धुराड्यात आग लागलीच तर सर्वांनी बाहेर पडून अग्निशामक दलाला बोलवावे; जाता जाता, धोका न पत्करता शक्य असेल तरच, अग्निस्थानाची काचेची दारे लावून घ्यावीत, म्हणजे हवा तुटते. पाणी मुळीच ओतू नये, कारण तापलेल्या नळीवर पाणी पडले की तिचे तुकडे होतात आणि वाफेचा लोट अंगावर येतो.

ही भीती नवी नाही, आणि मी ज्या प्रदेशात बसून तिचा विचार करत होतो तो प्रदेश तर तिच्या इतिहासाने भरलेला आहे. बोस्टनची वसाहत वसून पुरते एक वर्षही झाले नव्हते तेव्हा, १६३१ च्या मार्च महिन्यात, एका घराच्या लाकडी धुराड्याला लावलेला मातीचा लेप वरच्या बाजूस अपुरा असल्याने आग लागली, आणि अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की येथून पुढे कोणी लाकडाचे धुराडे बांधू नये व घर गवताने शाकारू नये. आज ज्याला न्यूयॉर्क म्हणतात त्या तेव्हाच्या डच वसाहतीत तिचा कारभार पाहणाऱ्या पीटर स्टायव्हेसंटने १६४८ साली धुराड्यांची तपासणी करणारे चार अंमलदार नेमले. धुराडे घाणेरडे सापडेल त्याला दंड होई, आणि दंडाच्या रकमेतून शिड्या, आकडे व चामड्याच्या बादल्या खरेदी होत. बोस्टनमध्ये जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ साली फिलाडेल्फियातल्या आपल्या वृत्तपत्रात सुचवले होते की धुराडी झाडणाऱ्यांना परवाना असावा आणि झाडल्यानंतर पंधरा दिवसांत आग लागली तर दंड झाडणाऱ्याने भरावा. जर्मनीत तर या तपासणीला जवळजवळ वतनाचे रूप आले: प्रत्येक इलाख्याला एक नेमलेला कारागीर असे, त्याच्या फेऱ्या कायद्याने ठरलेल्या असत, आणि २०१२ अखेरपर्यंत घरमालकाला दुसरा कारागीर निवडण्याची मुभाच नव्हती. काळ्या पोशाखातील तो माणूस नववर्षाला भेटणे तेथे आजही शुभशकुन मानतात.

परंतु हे काम कोणाच्या देहाने होत आले, ते सांगितल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. इंग्लंडात कोळशाचा वापर वाढला तसतशी धुराडी अरुंद व वळणावळणाची झाली, आणि नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब अशा नळ्यांत ब्रश घेऊन चढण्यासाठी पाच-सहा वर्षांची मुले, बहुधा अनाथ किंवा आईबापांनी विकलेली, उस्तादांच्या हाती दिली जात. कोपर व गुडघे भिंतींना टेकवून ती चढत; सोललेली कातडी निबर व्हावी म्हणून त्यांना विस्तवाजवळ उभे करून जखमांवर खारे पाणी चोळत. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली दाखवून दिले की या मुलांना मोठेपणी होणारा वृषणकोशाचा कर्करोग काजळीमुळे होतो. एखाद्या व्यवसायामुळे कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने प्रथम नोंदवले ते या मुलांच्या देहावरून. १७८८ साली आठ वर्षांखालील मुले ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला, पण तो कोणी पाळला नाही. १८२८ साली जोसेफ ग्लासने वेताच्या जोडदांड्यांचा ब्रश तयार केला, म्हणजे मूल चढवण्याची गरज उरली नाही. तरीही श्रीमंतांच्या घरांतून मुले चढतच राहिली, कारण ब्रशने गालिचे खराब होतील अशी भीती घरमालकांना होती, आणि उमरावांच्या सभागृहाने सुधारणेची विधेयके वारंवार फेटाळली होती. अखेर १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर नावाचे मूल धुराड्यात अडकून, बाहेर काढल्यावर मरण पावले, त्याच्या उस्तादास सदोष मनुष्यवधाबद्दल सक्तमजुरी झाली, आणि लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी त्याच वर्षी आणलेल्या कायद्याने ती प्रथा संपली. पॉटच्या ग्रंथापासून या कायद्यापर्यंत बरोबर शंभर वर्षे गेली. मुलीच्या बैठकीत तो कारागीर दांडीला दांडी जोडत होता तेव्हा त्या साध्या, लवचिक दांड्यांकडे मी आदराने पाहत होतो.

धुराड्याची रचना समजली की त्याची निगा समजते. तापलेली हवा हलकी म्हणून वर जाते, आणि तिच्या जागी खोलीतली हवा विस्तवाकडे ओढली जाते. ही ओढ जितकी चांगली, तितका धूर लवकर व गरम असतानाच बाहेर पडतो. मॅसॅच्युसेट्सच्याच वूबर्न गावी १७५३ साली जन्मलेल्या काउंट रम्फोर्डने १७९६ च्या आपल्या निबंधात दाखवले की अग्निस्थान उथळ करून, त्याच्या बाजू तिरक्या ठेवून, वरचा घसा अवघा चार इंचांचा केला तर धूर खोलीत न येता वर जातो आणि उष्णता मात्र खोलीत फेकली जाते. आजही चांगले गवंडी त्याच्याच मापांनी अग्निस्थाने बांधतात. जुन्या न्यू इंग्लंडातील घरांचे धुराडे घराच्या मध्यभागी असे, त्यामुळे ते उबदार राही; बाहेरच्या भिंतीला चिकटवलेले धुराडे तीन बाजूंनी थंडी सोसते, म्हणून त्यात डांबर लवकर थिजते आणि गार हवेचा लोंढा उलट खाली येतो. अशा धुराड्यात जाळ करण्यापूर्वी झडप उघडून, कागदाची पेटती गुंडाळी घशाशी धरून नळी थोडी तापवून घ्यावी लागते. धुराड्याचा माथा छपरातून जेथे बाहेर येतो तेथून निदान तीन फूट, आणि दहा फुटांच्या परिघात असलेल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा दोन फूट उंच असावा. माथ्यावरचा उतार फुटला, किंवा धुराडे व छप्पर यांच्या सांध्यावरची पत्र्याची पट्टी सुटली, म्हणजे पाणी आत मुरते, थंडीत त्याचे बर्फ होऊन फुगते आणि विटा फोडते. मुलीच्या धुराड्याला खरी इजा विस्तवाने नव्हे तर अशा पाण्याने केली होती, आणि ती वर चढल्याशिवाय कळणे शक्यच नव्हते. अग्निस्थानापुढे न जळणाऱ्या फरशीचा पट्टा निदान सोळा इंच व दोन्ही बाजूंस आठ-आठ इंच असावा, गालिचा त्यापलीकडे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नियमावलीने मला शिकवली नाही. ती आमच्या फोडणीने शिकवली. एके संध्याकाळी जाळ छान पेटलेला असताना स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी पडली, मुलीने ठसका जावा म्हणून शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगाने सोडला, आणि क्षणार्धात बैठक धुराने भरली. त्या देशातील घरे थंडीसाठी इतकी घट्ट बंद केलेली असतात की पंख्याने बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई कोठून तरी व्हावीच लागते, आणि धुराडे हीच सर्वांत मोठी उघडी वाट असते. हवा तेथून खाली येते, धुरासह येते. जाळ असताना तो पंखा मंद ठेवावा, आणि अग्निस्थानाच्या खोलीतली एक खिडकी बोटभर उघडावी. डोळ्यांना झोंबणारा धूर निदान सांगून येतो. त्याच्याबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू मात्र रंगहीन व गंधहीन असतो, रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आवेगाने चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर, निजायच्या खोल्यांजवळ, त्याची सूचना देणारी घंटा असावी, आणि निखारे पूर्ण थंड झाल्याखेरीज झडप कधीही लावू नये.

राखेची गोष्ट आपल्या घरांतून वेगळी सांगावी लागू नये. आजी रात्री गोवरीचा निखारा राखेत पुरून ठेवी आणि पहाटे राख बाजूला सारून त्यावरच चूल पेटवी. राखेखाली विस्तव किती काळ जिवंत राहतो हे ज्या घरांत माहीत होते, त्याच घरांतली पुढची पिढी परदेशात अग्निस्थानातली राख कागदी पिशवीत भरून लाकडी ओसरीवर ठेवते. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात घालावी, डबा घरापासून दूर दगडी फरशीवर ठेवावा, आणि चार-पाच दिवस हात लावू नये. आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतून जी अग्निस्थाने आहेत ती वर्षानुवर्षे न वापरता एखाद्या थंडीत पाहुण्यांसाठी पेटवायची असतील, तर आधी नळी मोकळी आहे की पाखरांच्या काड्यांनी बुजली आहे हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे.

पाखरांवरून सांगतो. आमच्या भाषेत चिमणी हे पाखराचेही नाव आणि धुराड्याचेही. हा योगायोग मला त्या दिवशी साक्षात दिसला. टोपी वाऱ्याने उडालेल्या त्या नळीत कारागिराला काड्या लाळेने चिकटवून भिंतीला टांगलेले अर्ध्या बशीएवढे घरटे सापडले. ते तेथील पाकोळीसारख्या एका पक्ष्याचे होते, जो धुराड्यांतच वीण करतो आणि हिवाळ्याला दक्षिण अमेरिकेत जातो. १९१८ च्या एका कायद्याने वीण चालू असलेले त्याचे घरटे हलवण्यास मनाई आहे, म्हणून उन्हाळ्यात बोलावले असते तर आपण आलोच नसतो, असे कारागीर म्हणाला. आता पिले उडून गेली होती. ते घरटे मुलीने पुठ्ठ्याच्या खोक्यात जपून ठेवले, धुराड्यावर जाळीची नवी टोपी बसली, फुटलेला माथा दुरुस्त झाला, आणि स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयाच्या पुढच्या वर्षीच्या पानावर तिने सप्टेंबरअखेरची एक तारीख लाल शाईने घेरली.

त्या संध्याकाळी तिने पहिला जाळ केला. मी कोट घालून अंगणात गेलो आणि वर पाहिले. धूर जवळजवळ नव्हताच. नळीच्या तोंडावर तापलेली हवा तेवढी थरथरत होती, आणि तिच्यापलीकडचा मेपलचा पिवळा शेंडा पाण्यात पाहावा तसा हलताना दिसत होता.